पुसलेल्या नोंदींची साक्ष

१७२२ सालची लंडनमधली गोष्ट. धुराडी साफ करण्याचे काम करणाऱ्या एका मुलाला एक रत्नजडित दागिना सापडला. त्याची किंमत किती येईल हे विचारण्यासाठी तो एका सराफाच्या दुकानात गेला. दुकानातल्या उमेदवाराने वजन करण्याच्या मिषाने दागिना हातात घेतला, कोंदणातली रत्ने काढून घेतली आणि आत बसलेल्या मालकाला सांगितले, की याचे दीड पेनी होतात. मालकाने दीड पेनी पुढे केली. मुलाने ती नाकारली व आपली वस्तू परत मागितली. तेव्हा उमेदवाराने त्याच्या हातावर रिकामे कोंदण ठेवले.

मुलाने सराफावर दावा लावला. वस्तू त्याला सापडली होती आणि सराफाने ती अडकवून ठेवली होती, एवढे सिद्ध झाले. पण भरपाई किती द्यायची? रत्न किती मोलाचे होते हे सांगणार कोण? ते पाहण्यासाठी रत्न हवे आणि रत्न तर सराफाच्या ताब्यात. मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी ज्युरीला, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांना, सांगितले : सराफाने रत्न हजर करून ते हलक्या प्रतीचे आहे असे दाखवले नाही, तर त्या कोंदणात बसू शकेल असे सर्वांत उत्तम पाण्याचे रत्न तेथे होते, असे धरून चाला. ज्युरीने तसेच केले.

'आर्मरी विरुद्ध डेलामिरी' या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत अजूनही शिकवला जातो. त्यातले तत्त्व साधे आहे. जो पुरावा दडवतो किंवा नष्ट करतो, त्याला त्या दडवण्याचा फायदा मिळू द्यायचा नाही. तो पुरावा त्याच्या विरुद्धच होता असे समजायचे. यालाच 'प्रतिकूल अनुमान' म्हणतात.

आज कागदपत्रांची जागा बरीचशी संगणकाने घेतली आहे. पत्रव्यवहार, हजेरी, हिशेब, छायाचित्रे, सारे काही आकड्यांच्या रूपात साठवले जाते. जुने तत्त्व तेथेही लागू पडते, पण एक मोठा फरक आहे. कोंदणातून रत्न काढायला कोणाचा तरी हात लागला होता. संगणकातला पुरावा मात्र कोणी मुद्दाम हात लावला नाही तरी नाहीसा होतो. यंत्र रोजच्यासारखे चालू राहिले एवढेही त्याला पुरते. म्हणून 'नष्ट करू नका' एवढे सांगणे येथे पुरेसे होत नाही. 'जे आपोआप नष्ट होत आहे ते थांबवा' असे सांगावे लागते. हे असे का, आणि न्यायालयांनी त्यावर कोणता मार्ग काढला, ते या लेखात पाहू.

पुसणे म्हणजे काय?

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करा. कपाटांत पुस्तके आहेत आणि कोणते पुस्तक कोणत्या खणात आहे याची कार्डे टेबलावर आहेत. संगणकाच्या चकतीवरही जवळजवळ अशीच व्यवस्था असते. माहिती एका ठिकाणी आणि ती कोठे आहे याची सूची दुसऱ्या ठिकाणी. आपण एखादी फाइल पुसतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त कार्ड रद्द होते. पुस्तक खणातच असते, मात्र तो खण आता 'रिकामा' समजला जातो. पुढे जेव्हा नवे पुस्तक ठेवायला जागा लागेल तेव्हा ते त्या खणात ठेवले जाईल आणि जुने खरोखर नाहीसे होईल.

यातून दोन परस्परविरोधी गोष्टी निघतात. पहिली, पुसलेली फाइल तज्ज्ञाला अनेकदा परत मिळवता येते. दुसरी, ती किती काळ मिळू शकेल हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही. संगणक नुसता चालू केला तरी तो स्वतःच्या कामासाठी शेकडो लहान नोंदी लिहीत असतो. त्यांतली एखादी नेमकी त्या 'रिकाम्या' खणात जाऊन बसू शकते. हल्लीच्या फिरत्या चकतीविना चालणाऱ्या साठवणयंत्रांत, म्हणजे एसएसडीत, तर पुसलेली जागा पुढच्या लेखनासाठी तयार ठेवावी म्हणून यंत्र स्वतःच ती मोकळी करून टाकते. तेथे परत मिळवण्याची शक्यता फारच कमी होते.

मोठ्या कार्यालयांत याखेरीज 'बॅकअप' म्हणजे राखीव प्रती काढतात. आग लागली किंवा यंत्र बिघडले तर काम अडू नये हा त्यामागचा हेतू. वर्षानुवर्षे यासाठी चुंबकीय टेप वापरल्या गेल्या. रोज रात्री त्या क्षणी यंत्रात जे असेल त्याची प्रत टेपवर घ्यायची, ठरावीक काळ टेप सांभाळायची आणि मग तीच टेप पुन्हा वापरायची. टेप पुन्हा वापरली की जुने जाऊन नवे येते. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. काटकसर म्हणूनच हे केले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅकअप हा त्या एका क्षणाचा फोटो असतो. सकाळी आलेले पत्र दुपारी पुसले तर रात्रीच्या टेपवर ते येणारच नाही.

दाखवण्याची सक्ती

आता कायद्याकडे वळू. इंग्लंड-अमेरिकेच्या दिवाणी न्यायपद्धतीत प्रत्यक्ष सुनावणीपूर्वी एक टप्पा असतो. त्याला 'डिस्कव्हरी' म्हणतात. या शब्दाचा येथील अर्थ 'उघड करून दाखवणे' असा आहे. वादाशी संबंधित कागद, मग ते स्वतःला गैरसोयीचे असले तरी, दुसऱ्या पक्षाने मागितल्यावर त्याला दाखवावे लागतात.

ही सक्ती कशासाठी? नोकरीवरून काढलेला माणूस आणि त्याची कंपनी यांच्यात वाद असेल, तर त्याला का काढले याची टिपणे कंपनीच्या कपाटात असतात. औषधाने अपाय झालेला रोगी आणि औषध बनवणारा कारखाना यांच्यात वाद असेल, तर चाचण्यांची वही कारखान्याकडे असते. म्हणजे दुबळ्या पक्षाचा पुरावा बहुधा सबळ पक्षाच्या ताब्यात असतो. दाखवण्याची सक्ती नसेल तर दुबळ्याच्या हातात रिकामे कोंदणच उरेल.

ही सक्ती मोडणाऱ्याला न्यायालय शास्ती करते. ती अनेक प्रकारची असते : दुसऱ्या पक्षाचा वाढलेला खर्च भरून देणे, ज्युरीला प्रतिकूल अनुमान काढण्यास सांगणे, आणि शेवटची पायरी म्हणजे दावाच फेटाळणे किंवा एकतर्फी निकाल देणे.

कागदाच्या काळात हे बरेचसे सरळ होते. कागद आपोआप नाहीसा होत नाही. तो जाळावा, फाडावा लागतो. ई-मेल आली आणि अडचण उभी राहिली. या अडचणीचा नीट उलगडा न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात एका दाव्यात झाला.

झुबुलेक यांचा दावा

लॉरा झुबुलेक या शेअरबाजारातील व्यवहार करणाऱ्या अनुभवी अधिकारी १९९९ मध्ये यूबीएस वॉरबर्ग या कंपनीत रुजू झाल्या. स्त्री असल्यामुळे आपल्याला डावलले जाते आणि वरिष्ठ आपल्याशी भेदभावाने वागतात, अशी त्यांची तक्रार होती. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांनी समान संधीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाकडे तक्रार दाखल केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी दावा लावला.

त्यांनी आपल्यासंबंधीचा सर्व पत्रव्यवहार मागितला. कंपनीने सुमारे ३५० पाने दिली, त्यांत ई-मेलची पाने सुमारे १००. 'आमच्याकडे एवढेच आहे' असे कंपनीचे म्हणणे. पण झुबुलेक यांच्या स्वतःजवळच सुमारे ४५० पाने ई-मेल होत्या. म्हणजे निदान काहीतरी गहाळ होते हे उघड होते. ते बॅकअपच्या टेपवर असण्याची शक्यता होती. कंपनी म्हणाली, त्या टेप वाचायला फार खर्च येईल.

या खर्चात तथ्य होते. टेपवर एखादे पत्र शोधून काढता येत नाही. आधी त्या दिवशीचा सगळा साठा पुन्हा यंत्रावर उतरवावा लागतो, मग त्यात शोध घ्यावा लागतो. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी त्यावर जो उपाय काढला, तो विज्ञानाच्या शिक्षकांना आवडावा असा आहे. शितावरून भाताची परीक्षा! झुबुलेक यांनी निवडलेल्या फक्त ५ टेप कंपनीने आपल्या खर्चाने वाचाव्यात, असे त्यांनी सांगितले. या ५ टेप उतरवून घेण्यास ११,५२४ डॉलर ६३ सेंट लागले. त्यांतून आठ हजारांहून अधिक ई-मेल निघाल्या. एकाच पत्राच्या अनेक प्रती आणि असंबद्ध पत्रे वगळल्यावर वादाशी संबंधित अशा सुमारे ६०० उरल्या. ज्या कंपनीने सुमारे १०० पाने दिली होती तिच्या केवळ ५ टेपवर इतके सापडले. नमुन्याने आपले काम केले. उरलेल्या टेपसाठी अंदाजे १,६५,९५४ डॉलर लागणार होते. त्यांपैकी तीन चतुर्थांश कंपनीने आणि एक चतुर्थांश झुबुलेक यांनी द्यावेत, असा जुलै २००३ मध्ये निर्णय झाला.

टेप शोधू लागल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. कंपनीचा नियम असा होता : रोजची टेप २० कामाचे दिवस, आठवड्याची टेप १ वर्ष आणि महिन्याची टेप ३ वर्षे ठेवायची, मग पुन्हा वापरायची. या हिशेबाने हव्या असलेल्या महिन्यांच्या टेप असायला हव्या होत्या. पण काही महिन्यांच्या टेप सापडल्याच नाहीत. जपून ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या दिवशी सुरू झाली, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणतेही कार्यालय सगळेच कायम ठेवू शकत नाही आणि ठेवावे अशी कायद्याची अपेक्षाही नाही. जुने काढून टाकणे हा गुन्हा नव्हे. मग ते कधीपासून थांबवायचे? दावा दाखल झाल्याच्या दिवसापासून, हे उत्तर सोपे पण अपुरे आहे. ऑक्टोबर २००३ च्या निर्णयात न्यायाधीशांनी सांगितले, की दावा होईल असे जेव्हा वाजवीपणे दिसू लागते तेव्हापासून ही जबाबदारी सुरू होते. त्या कंपनीत एप्रिल २००१ पासूनच झुबुलेक यांच्याविषयीच्या पत्रांवर 'वकील-अशील गोपनीय' असा मथळा पडू लागला होता, आणि त्या पत्रव्यवहारात वकील कोणी नव्हताच! प्रकरण न्यायालयात जाईल याची कल्पना संबंधितांना आली होती, हे त्या मथळ्यांवरूनच दिसत होते. पक्ष स्वतःच लिहून ठेवतो आणि त्याचेच लिहिणे त्याच्याविरुद्ध साक्ष देते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरीही त्या वेळी प्रतिकूल अनुमानाची शास्ती झाली नाही. हरवलेल्या टेपवर झुबुलेक यांच्या बाजूचे काही होते असे दिसले नव्हते. काही साक्षीदारांची पुन्हा तपासणी करण्याचा खर्च कंपनीवर टाकण्यात आला, इतकेच.

पुढच्या तपासणीत चित्र पालटले. वकिलांनी 'काही पुसू नका' असे ऑगस्ट २००१ मध्येच सांगितले होते. तरी काही कर्मचाऱ्यांनी त्यानंतर संबंधित पत्रे पुसली. त्यांपैकी काही टेपवरून परत मिळाली, काही कायमची गेली. काही पत्रे तर कर्मचाऱ्यांकडे शाबूत होती, पण त्यांच्याकडे कोणी मागितलीच नव्हती. ती जवळजवळ २ वर्षांनी बाहेर आली. परत मिळालेली पत्रे वाचल्यावर त्यांतला मजकूर कंपनीला गैरसोयीचा असल्याचे दिसले. मग कायमच्या गेलेल्या पत्रांविषयी काय समजायचे? २० जुलै २००४ च्या निर्णयात न्यायाधीशांनी जुन्या सराफाचाच नियम लावला : नष्ट झालेली पत्रे कंपनीच्या विरुद्ध गेली असती असे अनुमान ज्युरीने काढावे. वकिलांनाही त्यांनी बजावले, की एकदा सूचना देऊन तुमचे काम संपत नाही. ती पाळली जाते की नाही हे पाहणेही तुमच्याकडे आहे.

एप्रिल २००५ मध्ये ज्युरीने झुबुलेक यांना सुमारे २ कोटी ९३ लाख डॉलर देवविले. त्यांपैकी २ कोटी २ लाख डॉलर हे कंपनीला धडा म्हणून होते. पुढे दोन्ही पक्षांत तडजोड होऊन प्रकरण मिटले. पण या दाव्यातून 'लिटिगेशन होल्ड' ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. वादाची चाहूल लागताच नेहमीची पुसापुशी थांबवण्याचा लेखी आदेश, असा तिचा अर्थ.

शास्ती किती असावी?

पुरावा गेला की सर्वांना सारखीच शिक्षा करावी का? शाळेत गृहपाठाची वही हरवणारा आणि वही फाडून टाकणारा यांत आपण फरक करतोच. अमेरिकेच्या संघीय नियमांत २००६ मध्ये दुरुस्ती होऊन, यंत्राच्या प्रामाणिक व नित्याच्या कामकाजात गेलेल्या माहितीबद्दल सामान्यतः शास्ती नको, असे ठरले. डिसेंबर २०१५ पासून हा नियम अधिक नेमका झाला. त्याच्या पायऱ्या अशा : माहिती जपणे आवश्यक होते का? जपण्यासाठी वाजवी प्रयत्न झाले का? ती दुसरीकडून मिळू शकते का? मिळत नसेल आणि दुसऱ्या पक्षाचे नुकसान झाले असेल, तर ते भरून निघेल एवढाच उपाय करावा. प्रतिकूल अनुमान किंवा एकतर्फी निकाल ही कडक शास्ती मात्र, दुसऱ्याला पुरावा मिळू नये या हेतूने तो घालवला असे दिसले तरच करावी.

म्हणजे आज नुसत्या निष्काळजीपणाबद्दल ज्युरीला प्रतिकूल अनुमान काढायला सांगता येत नाही. यामुळे चुकून झालेल्या चुकीला अवाजवी शिक्षा होत नाही, हे खरे. पण दुसऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करण्याचा भार दुबळ्या पक्षावर येतो, हेही तितकेच खरे.

तरीही ही शास्ती नुसती पुस्तकात राहिलेली नाही. एपिक गेम्स या कंपनीने गूगलवर लावलेल्या दाव्यात असे आढळले, की गूगलच्या अंतर्गत संवादयंत्रणेतील काही संदेश २४ तासांत आपोआप नाहीसे होत, आणि ते जपायचे की नाही हे प्रत्येक कर्मचाऱ्यावर सोडले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश जेम्स डोनॅटो यांनी मार्च २०२३ मध्ये कंपनीला दोषी धरले. डिसेंबर २०२३ मध्ये, गेलेले संदेश कंपनीला प्रतिकूल होते असे अनुमान काढण्याची मुभा ज्युरीला देण्यात आली. ज्युरीचा निकाल एपिकच्या बाजूने लागला. टेपच्या जागी संदेश आले आणि ३ वर्षांच्या जागी २४ तास आले. प्रश्न तोच राहिला.

प्रत मुळाबरहुकूम आहे कशावरून?

पुरावा जपला, पण मध्येच कोणी बदलला नाही याची खात्री काय? कागदावर खाडाखोड दिसते. आकड्यांच्या नोंदीत ४ चा ९ केला तर डाग उरत नाही. शिवाय प्रत्येक फाइलबरोबर ती केव्हा बनली, केव्हा बदलली अशी माहिती साठवलेली असते. फाइल नुसती उघडल्याने किंवा इकडून तिकडे हलवल्याने यांतल्या काही नोंदी बदलू शकतात. म्हणून तज्ज्ञ मूळ यंत्रावर काम करीत नाहीत. वाचू देणारे पण लिहू न देणारे उपकरण मध्ये जोडून ते संपूर्ण साठ्याची, 'रिकाम्या' खणांसकट, बिट न् बिट प्रत घेतात आणि तपासणी त्या प्रतीवर करतात.

प्रत आणि मूळ एकच आहेत हे दाखवण्यासाठी 'हॅश' वापरतात. याची कल्पना वर्गात फळ्यावर देता येईल. पाच विद्यार्थ्यांचे गुण घ्या : ४२, ३५, ६१, २८, ५०. त्यांची बेरीज २१६. कोणी दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे गुण उलटसुलट केले तरी बेरीज २१६ च राहते. लबाडी पकडली जात नाही. आता प्रत्येक संख्येला तिच्या क्रमांकाने गुणून बेरीज करा : ४२ + ७० + १८३ + ११२ + २५० = ६५७. अदलाबदल केल्यावर ४२ + १२२ + १०५ + ११२ + २५० = ६३१. लबाडी पकडली गेली! यादी सोबत नसली तरी ६५७ हा एक आकडा जपून ठेवला की पुरे.

पण हुशार विद्यार्थी यावरही मात करील. पहिल्याचे गुण २ ने वाढवून ४४ आणि दुसऱ्याचे १ ने कमी करून ३४ केले, तर उत्तर पुन्हा ६५७ च येते. करून पाहा. म्हणून प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या पद्धती अशा रचतात, की ठरावीक उत्तर येईल असा वेगळा मजकूर शोधणे व्यवहारात अशक्य व्हावे. 'एसएचए-२५६' ही अशी एक पद्धत. मजकूर एका ओळीचा असो की शंभर ग्रंथांचा, उत्तर २५६ बिटांचेच येते. दशमान पद्धतीत लिहायचे तर ७८ अंकांपर्यंतची संख्या. मूळ मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार बदलून जाते. जुन्या पद्धती मात्र काळाच्या ओघात कच्च्या ठरल्या. 'एमडी५' मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचे एकच उत्तर येते हे २००४ मध्ये आणि 'एसएचए-१' मध्ये २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवले गेले.

हॅशची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगावी. मजकूर खरा आहे की खोटा, हे हॅश सांगत नाही. हॅश काढल्यानंतर त्यात बदल झालेला नाही, एवढेच तो सांगतो. म्हणून तो लवकर काढणे आणि त्याची तारखेसह नोंद ठेवणे महत्त्वाचे.

आपल्याकडे

हे सारे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे डिस्कव्हरीचा टप्पा तितका विस्तृत नसला तरी तत्त्व अनोळखी नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, दस्तऐवज दाखवण्याचा आदेश न पाळणाऱ्या वादीचा दावा फेटाळण्याची आणि प्रतिवादीचा बचाव रद्द करण्याची तरतूद आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ खाली, जो पुरावा हजर करता आला असता पण केला नाही, तो रोखून धरणाऱ्याला प्रतिकूल ठरला असता असे न्यायालयाला गृहीत धरता येई. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ११९ मध्येही हा सराफाचा नियम कायम आहे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा आपल्याकडचा एक महत्त्वाचा निर्णय जालन्याच्या निवडणुकीतून निघाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप घेऊन कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण चित्रण अस्सल असल्याचे कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्रच हजर केले तर गोष्ट वेगळी, एरवी प्रतीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती ते देणे नव्हते, त्याला त्यापायी अडवता येणार नाही. कोंदण ज्याच्या हातात राहिले त्याची बाजू न्यायालयाने पुन्हा एकदा ध्यानात घेतली. तपासात एखादी दूरध्वनी नोंद जप्त झाली असेल, तर त्या काळातल्या संबंधित नोंदी दूरध्वनी कंपन्यांनी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, असेही न्यायालयाने त्याच निर्णयात सांगितले. हा एक प्रकारचा 'होल्ड'च. नव्या अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात आता नोंदीचा हॅशही लिहावा लागतो.

शाळेतला कॅमेरा

हा विषय शाळेपासून दूर नाही. समजा, शाळेत ४ कॅमेरे आहेत आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवतो. चौघांची मिळून ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून रोजची माहिती ८६,४०० मेगाबाइट, म्हणजे ८६.४ गिगाबाइट. साठवणयंत्र १,००० गिगाबाइटचे असेल तर ते साडेअकरा दिवसांत भरेल आणि बाराव्या दिवशी पहिल्या दिवसाचे चित्रण पुसून त्यावर लिहू लागेल. कॅमेरे ८ केले तर हा काळ निम्मा होतो. मैदानावर एखाद्या मुलाला इजा झाली आणि पालकांचा अर्ज पंधराव्या दिवशी पोहोचला, तर खरे काय घडले हे सांगणारा एकमेव साक्षीदार तोवर मूक झालेला असेल. आणि 'शाळेनेच पुसले' या आरोपाला शाळेकडे उत्तर नसेल.

म्हणून शिक्षकांनी व मुख्याध्यापकांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आपल्या यंत्रात नोंद किती दिवस टिकते हे आधीच मोजून ठेवावे. तक्रारीची चाहूल लागताच, अर्जाची वाट न पाहता, संबंधित तारखांची नोंद वेगळी काढावी. काय जपायचे, कोणी जपायचे, हे लेखी सांगावे आणि झाले की नाही ते पाहावे. पुसण्याचे जे काम यंत्र आपोआप करते ते तेवढ्यापुरते बंद करावे. मूळ फाइल तशीच ठेवावी. ती मोबाइलवरून एकमेकांना पाठवल्यास आकाराने लहान होते आणि तिच्याबरोबरची तारीख-वेळेची माहिती गळून पडू शकते. प्रतीचा हॅश काढून तारखेसह वहीत लिहावा आणि प्रत कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेली याची नोंद ठेवावी. नोंद आपल्याला गैरसोयीची दिसली तर या गोष्टी अधिकच कसोशीने कराव्यात.

शेवटी वर्गात चर्चेसाठी एक प्रश्न. टेप बदलणाऱ्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमाने जुनी टेप पुन्हा वापरली. तिच्यावर काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी त्याला कळवले नाही. पुरावा कोणी नष्ट केला? लंडनच्या त्या दुकानात रत्न काढणारा हात उमेदवाराचा होता, पण भरपाई मालकाला द्यावी लागली. विद्यार्थ्यांना आधी त्याचे कारण शोधू द्यावे. टेपच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्यातच सापडेल.